नऊची शाळा, दहाचं जेवण

नाताळच्या सुटीत साताऱ्याला गेले होते. तिथं जानेवारीत सात वाजेपर्यंत धड उजाडत नाही. पावणेसातला वहिनी स्वयंपाकघरात माझ्या भाचीच्या वेण्या घालत होती आणि नववीतली ती पोरगी बसल्या बसल्या झोपली होती. रिबिनीची गाठ आवळली तशी दचकली, दप्तर उचललं आणि सायकल काढली.

तिचा भाऊ दुसरीत. तो आतल्या खोलीत गाढ झोपलेला, कारण त्याची शाळा नऊला. २०२३च्या डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय काढला. फेब्रुवारी २०२४मध्ये शासनानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. भाचीच्या शाळेत वर्गखोल्या मोजक्याच. नऊची वेळ लहानांना गेली आणि मोठी मुलं सातच्या पाळीत ढकलली गेली.

मला हे नेमकं उलटं झाल्यासारखं वाटतं. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढं सरकतं. चौदा वर्षांच्या मुलीला दहाला अंथरुणात घातलं तरी डोळा लागत नाही, आणि तिला आठ ते दहा तास झोप हवी असते. कॅलिफोर्नियानं २०१९मध्ये कायदा केला तो मोठ्या मुलांसाठीच: नववी ते बारावीच्या शाळा साडेआठच्या आत भरवायच्या नाहीत. सात-आठ वर्षांचं पोर मात्र दिवे मालवले की झोपतं. फक्त दिवे मालवायला हवेत!

घोडं तिथंच अडतं. दादाचं कपड्यांचं दुकान मोती चौकाजवळ. शटर नऊला पडतं, हिशेब उरकून शाहूपुरीत घरी यायला साडेनऊ, ताटं दहाला. शाळेच्या दिवशी भाच्याला बाबा निवांत भेटतात ते तेव्हाच, मग तो त्यांच्या पाठीवर बसणार, मोबाइलवर काहीतरी दाखवणार. झोपायला अकरा. "आता काय, शाळा नऊला," असं माझी आई म्हणाली. म्हणजे पूर्वी साडेदहाला झोपणारं पोर आता अकराला झोपतं आणि पावणेआठला उठतं. पावणेनऊ तास. या वयाला नऊ ते बारा लागतात.

आम्ही म्युनिकला राहतो. माझ्या लेकीची शाळा आठला भरते, ती रात्री आठला झोपते. नातेवाइकांना ही आमची शिस्त वाटते. शिस्त कसली! नवरा साडेपाचला घरी असतो आणि बव्हेरिया या आमच्या जर्मन राज्यात दुकानं कायद्यानंच आठला बंद होतात. जूनमध्ये सव्वानऊपर्यंत ऊन असतं, तेव्हा खिडक्यांची शटरं खाली ओढून खोलीत काळोख करावा लागतो. याची किंमतही आहे. आठनंतर घरात चिडीचूप, ना आजी, ना दार वाजवणारं कोणी. आणि इथल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनाही आठलाच हजर व्हावं लागतं. सकाळी ट्राममध्ये ती खिडकीला डोकं टेकून पेंगत असतात.

म्हणून साताऱ्यात जर्मनी आणा असं मी म्हणणार नाही. पण दादाचं दुकान दुपारी दीड ते चार बंद असतं. तो घरी जेवायला येतो, तासभर पडतो. भाचा तेव्हा शाळेत. सकाळची शाळा होती तेव्हा बापलेक दुपारी एका ताटात जेवायचे, असं वहिनीच सांगत होती. पाळ्यांची अदलाबदल केली, लहानांना साडेसातची वेळ दिली, तर ते जेवण परत मिळेल. मग रात्री बाबांची वाट न बघता त्याला नऊला झोपवता येईल आणि भाचीला सकाळचे दोन तास मिळतील.

हे दादाला बोलून दाखवलं. त्यानं ऐकून घेतलं. "अगं, दुपारी तो झोपू देईल का मला?" म्हणाला.