तक्रार करणाऱ्यांचीच माणसं पुढे आणली
पुढाऱ्याने आपल्या विश्वासातली माणसं टीममध्ये घ्यावीत, असा सल्ला एका लेखात वाचला; तो मला पटला नाही. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अध्याय 6 बघा. यरुशलेममध्ये रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांनी, वाटपासाठी सात माणसं निवडायचे निकष सांगितले: लोकांत चांगलं नाव, पवित्र आत्मा, शहाणपण. निवड मात्र मंडळीवर, म्हणजे सगळ्या विश्वासणाऱ्यांवर, सोडली. आणि निवडलेली नावं वाचा! स्तेफन, फिलिप्प, नीकानोर, तीमोन... सातही नावं ग्रीक. अंत्युखियाचा नीकलाव तर जन्माने यहूदीही नव्हता. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातलेच लोक वाटपावर बसले. आपल्याकडे चर्चच्या कमिटीत वर्षानुवर्षं ठरावीक घरांतलीच माणसं दिसतात, याचं फार वाईट वाटतं. पाळकसाहेबांनी पुढच्या निवडणुकीआधी हा अध्याय सभेत वाचून दाखवावा, ही कळकळीची विनंती.