घरघर ड्राइव्हची कमी, पत्र्याची जास्त

कॉम्प्युटरच्या आवाजावर पुण्याकडचा सल्ला असतो: ‘५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेऱ्यांची) हार्ड डिस्क घ्या, आतले पंखे कमी करा, आवाज मिटला’. हे अर्धंच खरं. घरघर फिरण्याची असते, कटकट डेटा वाचणारं हेड हलण्याची, आणि दोन्ही वाढवतो कॅबिनेटचा पातळ पत्रा. दारव्ह्याकडे (यवतमाळ जिल्हा) माझं लग्नाच्या व्हिडिओचं काम आहे. स्क्रूखाली रबरी वायसर टाकले तर ७२०० वालीही बरीच शांत झाली. विंडोज छोट्या एसएसडीवर (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क), साठवण ५४०० वर, एवढ्यात वेगाचंही भागतं.

आतले पंखे कमी करायचा सल्ला मात्र पुण्यातच ठेवा. इकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश, अन् बऱ्याच ड्राइव्हची मर्यादा ६०. तसंही तेव्हा कूलरपुढे डिस्कचा आवाज ऐकतो कोण?