पावसात राइड बंद करतात, ते बरंच करतात

सर,

(प्रतिक्रियेखाली तुम्ही ‘निवृत्त शिक्षक, कोथरूड’ एवढीच सही केली आहे, म्हणून सर म्हणते.)

पावसाळ्यात घरच्या सगळ्यांना घेऊन खोपोलीजवळच्या इमॅजिका या थीम पार्कला जा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही चांगलेच रागावलेले दिसता. बाकीच्यांनाही संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात मांडते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं गाडीत घालून भर पावसात बोरघाट उतरायला सांगणं हा बेजबाबदारपणा आहे. दरडीखाली गाडली गेलेली इर्शाळवाडी त्याच खालापूर तालुक्यात आहे, याचं तरी भान ठेवायला हवं होतं. सह्याद्रीत फुकटचे धबधबे असताना नकली डायनोसॉर बघायला हजारो रुपये कशाला मोजायचे? पावसात निम्म्या राइड बंद ठेवतात आणि पैसे पूर्ण घेतात, म्हणजे निव्वळ लूट. आणि मंगळवार-बुधवारी जा असं सांगून मी मुलांना शाळा बुडवायला शिकवते.

आधी लुटीचं बोलते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

तिथली नायट्रो ही सगळ्यात मोठी रोलर कोस्टर. उंची साधारण ४० मीटर, वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर, आणि पायाखाली फळी नाही, पाय मोकळे लोंबकळतात. त्या वेगात पावसाचा थेंब तोंडावर खड्यासारखा बसतो. रूळ ओला झाला की चाक आणि रूळ यांच्यातलं घर्षण बदलतं, त्यामुळे गाडी नेहमीच्या हिशोबाने धावत नाही. घासून चालणारे ब्रेक ओले असताना कमी पकडतात. चुंबकी ब्रेकना पाण्याने काही होत नाही, पण प्रत्येक राइडचे सगळे ब्रेक चुंबकी नसतात. शिवाय माळरानात उभा असलेला एवढा उंच लोखंडी सांगाडा विजेला आयतंच निमंत्रण देतो. म्हणून मोठी सर आली, वारा सुटला किंवा आसपास वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड थांबवतात. थांबवायलाच हव्यात.

आम्ही रांगेत असताना असंच झालं. सर आली, राइड थांबली, आम्ही सगळे पत्र्याखाली. पंधरा-वीस मिनिटांनी पाऊस ओसरला तसा माझा लेक चुळबुळायला लागला. तिथला पोरगा, वीस-बावीस वर्षांचा असेल, हातात फडका घेऊन एकेका सीटवरचं पाणी पुसत होता. सीटच्या खोबणीत साचलेलं पाणीसुद्धा बोटाने फडका आत खुपसून काढलं. मग प्रत्येक लॉक ओढून पाहिलं. मला वाटलं आता सोडतील. तर त्याने गाडी रिकामीच पाठवली. ती परत आली, ती कुठे थांबते तिकडे बघत राहिला, आणि पुन्हा रिकामी पाठवली. रांगेतून ओरडा सुरू झाला तेव्हा एवढंच म्हणाला, ‘‘दादा, आधी ती जाऊन येऊ दे, मग तुम्ही.’’

सर, मी पैसे मोजले ते या ‘आधी ती जाऊन येऊ दे’साठीसुद्धा. पावसात बाहेर पडायचं तर ‘आत्ता नाही’ असं ठणकावून सांगणारं कोणीतरी तिथे हवं, आणि त्याचं ऐकलं जायला हवं. आपल्या वर्षासहलींत नेमकं तेच नसतं.

तुम्ही फुकटच्या धबधब्यांबद्दल लिहिलंत. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पुण्यातल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एक बाई आणि चार लहान मुलं. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. एकमेकांना धरून ती माणसं पाण्याच्या मधोमध उभी होती, काठावर इतके लोक होते, आणि कोणालाच काही करता आलं नाही. तिथे पाणी वाढतं ते डोंगरावर पडलेल्या पावसाने. आपण उभे असतो तिथे कदाचित नुसती भुरभुर असते, म्हणून कळतच नाही. पुढच्याच वर्षी १५ जूनला तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला, चार जण गेले. २०२४ नंतर जिल्हाधिकाऱ्यांनी धबधब्यांवर आणि धरणांवर मनाई आदेश काढले. ते योग्यच होते, पण ताम्हिणीतल्या प्रत्येक ओढ्याशी एक पोलीस उभा करता येत नाही.

मला सह्याद्रीचं प्रेम नाही असं समजू नका. कॉलेजात असताना पावसातले किल्ले मी मनसोक्त केले आहेत आणि माझी मुलंही मोठी झाली की करतील. पण पाच वर्षांची मुलगी आणि गुडघ्याला पट्टा बांधलेली सासू यांना घेऊन शेवाळलेल्या कातळावर मी पाय ठेवणार नाही.

आणि ‘नकली’ या शब्दाबद्दल थोडं. भुशी धरण तरी कुठे निसर्गाने बांधलंय? रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून इंग्रजांच्या काळात ते बांधलं. ज्या पायऱ्यांवरून पाणी उतरतं त्या माणसानेच घातलेल्या आहेत. आपल्या सारसबागेच्या गणपतीभोवतीचं तळं नानासाहेब पेशव्यांनी करवून घेतलं. पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ पासून धावते. माझ्या नवऱ्याचं बालपण त्या गाडीत गेलं, आणि कोथरूडकर शिक्षकांनी वर्गच्या वर्ग तिथे नेले असतील. मुलांच्या आनंदासाठी माणसाने काही बांधलं तर त्यात कमीपणा मानायचं मला कारण दिसत नाही. जे बांधलंय ते नीट बांधलंय का, नीट सांभाळलंय का, एवढं बघावं.

आता आईंबद्दल, म्हणजे सासूबाईंबद्दल, कारण मूळ लेख मी त्यांच्यासाठीच लिहिला होता आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्या कुठेच नाहीत.

पावसाळा सुरू झाला की आमच्या घरात वृद्ध माणसाची सहल संपते. पाय घसरेल, दमा उसळेल, शौचालय मिळणार नाही, रात्र होईल. प्रत्येक कारण खरं असतं. मग आपण मुलांना घेऊन जातो आणि त्यांच्यासाठी येताना चिक्की आणतो. जून ते सप्टेंबर अशी चार महिने माणसं खिडकीत बसून राहतात. इमॅजिकात छताखालचं बरंच काही आहे हे मी म्हणून मुद्दाम लिहिलं. आय फॉर इंडिया, अलीबाबा, मिस्टर इंडिया, प्रिन्स ऑफ द डार्क वॉटर्स, रॅथ ऑफ द गॉड्स. पावसात हे सगळं चालू असतं. यातलं काही हलतं, काही नुसतं बसून बघायचं. पाठीचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर दारावरची पाटी वाचूनच आत जायचं.

आय फॉर इंडियात खुर्च्या वर उचलल्या जातात, समोर भला मोठा पडदा आणि आपण उडतोय असं वाटतं. आईंनी आत बसण्याआधी पदर दोनदा कमरेला खोचला, चपला काढून खुर्चीखाली ठेवायला लागल्या, मग पाय लोंबकळणार म्हटल्यावर पुन्हा घातल्या. पट्टा लावताना तिथल्या मुलीला विचारलं, ‘‘मध्येच उतरायचं झालं तर?’’ ती म्हणाली, ‘‘हात वर करा आजी, मी इथेच उभी आहे.’’ आईंनी हात वर केला नाही. बाहेर आल्यावर मात्र नातवाला बजावलं की चहा नंतर, आधी परत एकदा जाऊन येऊ. गेली कित्येक वर्षं ‘परत एकदा’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते.

या एका गोष्टीसाठी मी तो लेख पुन्हा लिहीन.

घाटाच्या मुद्द्यावर तुमचं-माझं भांडण नाहीच. बोरघाट हलका घेऊ नये. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड एक्सप्रेस वेवरच आली होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला, त्याआधी कित्येक तास तिकडे पाऊस कोसळत होता. त्या गावाचं नाव सहलीच्या लेखाखाली वाचून मलाही थांबायला झालं, पण ते तुम्ही काढलंत हे योग्यच केलंत. म्हणून कधी जायचं याबद्दल मूळ लेखात होतं त्याहून जास्त सांगते.

पुण्यातला पाऊस बघून ठरवू नका. पुण्यात वर्षाला सातशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, लोणावळ्यात चार हजारांच्या वर. कोथरूडमध्ये छत्री उघडावी की नको असा प्रश्न पडतो तेव्हा खंडाळ्यात समोरची गाडी दिसत नसते. हवामान खातं पुणे शहर आणि पुण्याचा घाटमाथा यांचे इशारे वेगळे देतं, आणि खालापूर तर रायगड जिल्ह्यात. तेव्हा घाटमाथा आणि रायगड असे दोन्ही इशारे बघायचे. लाल असेल तर बेत रद्द. नारिंगी असेल तरी रद्द, बरोबर मुलं आणि वृद्ध असतील तर त्यात चर्चा नको. आदले दोन-तीन दिवस सतत कोसळत असेल तर इशारा पिवळा असला तरी मी जाणार नाही, कारण डोंगर आधीच भिजून जड झालेला असतो. घाटात साठच्या आत, दिवे लावून, लेन न बदलता. धुकं असेल तर थांबण्याची हौस नको. फोटोसाठी कडेला गाडी लावणारे लोक मला त्या रस्त्यावरच्या दरडीइतकेच धोक्याचे वाटतात. परतताना काळोख व्हायच्या आत घाट चढून वर यायचं, एखादी राइड राहिली तरी चालेल.

विजेसाठी आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं ‘दामिनी’ ॲप आहे. आपल्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडतेय का ते त्यात दिसतं. आपल्याकडे विजा जास्त ते वळवाच्या पावसात, मे आणि जूनच्या सुरुवातीला, आणि परतीच्या पावसात. जुलै-ऑगस्टच्या झडीत त्या मानाने कमी. म्हणूनच मूळ लेखात मी जुलैचा शेवट ते ऑगस्ट या काळात जा असं म्हटलं. तेव्हा राइड थांबते ती बहुधा सरीमुळे, आणि सर गेली की सुरू होते. ऑक्टोबरात दुपारनंतर ढग चढून आले की मात्र संध्याकाळ हातची जाते.

एक गोष्ट तुमच्याइतक्याच रागाने मलाही म्हणायची आहे. अतिवृष्टीमुळे जिल्हाधिकारी शाळांना सुट्टी देतात आणि लोक त्याच दिवशी पोरं घेऊन लोणावळ्याला निघतात. सुट्टी कशासाठी दिली आहे हे माहीत असून निघतात. त्या दिवशी घरी भजी तळा, पत्ते काढा, कुठेही जाऊ नका. इमॅजिकालासुद्धा नाही.

पैशाचं खरं सांगायचं तर चार-पाच जणांचं कुटुंब असेल तर खर्च जाणवतो. आम्ही वर्षभर दुसरी मोठी सहल करत नाही. ज्यांना फक्त नायट्रो आणि त्या उंचावरून खाली सोडणाऱ्या मनोऱ्यातच रस आहे त्यांनी पावसात जाऊ नये, डिसेंबरात जावं. त्यांचे पैसे खरंच वाया जातील. तिकीट काढण्याआधी आज काय चालू आहे ते फोन करून विचारावं. वॉटर पार्कचं तिकीट वेगळं असतं, आणि पावसात भिजायचंच आहे तर ते तरी कशाला, असं माझं मत. लहान मुलं अर्ध्या तासात काकडतात.

राहिली शाळा. तुम्ही आयुष्यभर शिकवलंत, हजेरीची किंमत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. तरीही एका बुधवारची रजा मी वर्गशिक्षिकांना स्पष्ट कारण लिहून मागितली आणि त्यांनी दिली. शनिवार-रविवारी गेलो असतो तर आईंना प्रत्येक रांगेत तासभर उभं राहावं लागलं असतं, ते त्यांना झेपलं नसतं. आणि तुमचा तो नकली डायनोसॉर, त्याचं नाव राजासॉरस. हा प्राणी खरोखर आपल्या देशात होऊन गेला. गुजरातेत राहियोलीला त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी नर्मदेवरून त्याचं नाव राजासॉरस नर्मदेन्सिस ठेवलं. त्या डायनोसॉरच्या राइडमधल्या बोटीतून उतरल्यावर लेकाने विचारलं म्हणून आम्ही घरी येऊन वाचलं. आता तो विचारतोय की सह्याद्रीच्या काळ्या दगडात डायनोसॉरची हाडं का सापडत नाहीत. लाव्हा थरावर थर साचून हा दगड झाला, एवढं मी त्याला सांगितलं. थरांच्या मधल्या काळात तिथे काय जगत असेल, हे त्याला पाचवीच्या मुलाला समजेल असं कसं सांगायचं ते मला जमलेलं नाही. तुम्ही विज्ञान शिकवायचात असं तुमच्या एका जुन्या प्रतिक्रियेत वाचलं होतं. वेळ मिळाला तर त्याच्यासाठी इथेच खाली चार ओळी लिहाल का?