पांढऱ्या डागांपासून मुलांना कसे जपावे?

आपल्या पाल्याच्या वर्गात यंदा अंगावर कोडाचे पांढरे डाग असलेली एखादी मुलगी आली असेल, तर सुज्ञ पालकांनी वेळीच लक्ष घालावे. मुलांवर विसंबून मुळीच चालत नाही. लहान मूल सरळ तिच्यापाशी जाऊन ‘हे काय झालंय गं?’ असे विचारते, ती ‘तिथला रंग गेलाय’ असे सांगते आणि पुढच्या मिनिटाला दोघे खो-खोच्या रांगेत पाठमोरी बसलेली असतात. प्रकरण इतक्या स्वस्तात मिटू लागले, तर आपल्या घराण्यात जपलेली भीती पुढे चालवायची कोणी?

मात्र ‘हा रोग लागतो’ असे स्पष्ट शब्दांत कधीही सांगू नये. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच रंगपेशींवर उलटते, मेलॅनिन हे त्वचेचे रंगद्रव्य तयार होणे थांबते आणि तेवढी त्वचा पांढरी पडते. यात जंतूही नाही आणि संसर्गही नाही, हे कोणताही त्वचारोगतज्ज्ञ दोन मिनिटांत सांगेल आणि आपली पंचाईत होईल. त्यापेक्षा शाळेच्या फाटकाशी ती समोरून आली की मुलाचा हात किंचित ओढावा, बोलता बोलता आवाज खाली आणावा आणि घरी आल्यावर साबण दोनदा लावायला सांगावा. त्याने कारण विचारलेच, तर ‘सांगितलं तेवढं कर’ हे उत्तर पुरेसे आहे. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड फुटते, हा सिद्धान्त आजीकडून आयताच मिळतो. तो खोडून काढण्याच्या भानगडीत पडू नये.

उरलेले काम मुले स्वतः करतात, आणि त्यांची कल्पकता थक्क करणारी असते. पकडापकडीत ती ज्याला शिवेल, त्याने नळाखाली हात धरून दहापर्यंत अंक म्हणायचे, हा नियम कोणत्याही पालकाने शिकवलेला नसतो. संक्रांतीला तिने पुढे केलेला तिळगूळ एखादा मुलगा रुमालातच घेतो, ‘गोड बोला’ असे तिलाच बजावतो आणि वळून तो पाण्याच्या टाकीमागे भिरकावतो. संस्कार म्हणतात ते हेच.

गॅदरिंगमध्ये तिला लांब बाह्यांचा पोशाख देऊन मागच्या रांगेत उभे करावे, अर्थात तिच्याच भल्यासाठी. त्याच रंगमंचावर मायकेल जॅक्सनच्या चालीवर मुले मागे सरकू लागली की टाळ्या वाजवायला हरकत नाही. फक्त त्यालाही हाच विकार होता आणि त्याचा स्मृतिदिन, 25 जून, याच विकाराचा जागतिक दिन म्हणून पाळला जातो, हे घरी बोलू नये.

तिची आई तक्रार घेऊन आलीच, तर ‘मुलंच ती, चिडवायचीच’ म्हणून हसावे आणि चहा विचारावा. (कप नेहमीचेच काढावेत की पाहुण्यांचे, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे.)

एक अडचण मात्र राहते. हे डाग साधारण निम्म्या वेळा वयाच्या विशीच्या आतच सुरू होतात आणि घर निवडताना कोणाचे संस्कार पाहत नाहीत. उद्या आपल्याच मुलाच्या घोट्यावर रुपयाएवढा ठिपका दिसला, तर घाबरून न जाता पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर त्वचारोगतज्ज्ञांचा लेख तातडीने पाठवावा आणि वर लिहावे, ‘हा संसर्गजन्य नाही, कृपया आपल्या मुलांना नीट समजावून सांगा.’