वायफायचं गाऱ्हाणं

गणपतीला पुण्याहून आलेला भाचा जाता जाता माझ्या जुन्या लॅपटॉपात विंडोजच्या जागी लिनक्स मिंट नावाची फुकट ऑपरेटिंग सिस्टीम घालून गेला. "मामा, लायसन्सचे पैसे नाहीत, आणि मशीन पळतं कसं ते बघ." १९९१ साली फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने हे सगळं सुरू केलं, हा इतिहास सांगायला त्याला वेळ होता. वायफाय लागतं का बघायला नव्हता. कुडाळला गाडी पकडायची होती.

मशीन खरंच पळायला लागलं. फक्त घरातला राऊटर त्याला दिसेना. तोच राऊटर बायकोच्या फोनला माजघरापर्यंत दिसत होता. मी आधी दोष दिला जांभ्याच्या भिंतींना. लॅपटॉप पडवीत नेला, मग थेट राऊटरला चिकटवून ठेवला. अंतरपाट धरल्यासारखी दोघं समोरासमोर, पण एकमेकांची ओळखच नाही.

भाच्याला फोन केला. त्याने टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडायला लावली आणि 'एलएसपीसीआय' असं काहीतरी टाइप करवलं. बऱ्याच ओळींतून त्याला हवा होता तो एक आकडा मिळाला, ४३१४२. "मामा, ह्या वायफायच्या चिपच्या कंपनीने कोड खुला केलेला नाही. ड्रायव्हर म्हणजे चिप चालवणारा प्रोग्राम. बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतात, ह्याचा वेगळा घालावा लागतो."

"मग घालूया."

"इंटरनेटवरून उतरवावा लागेल."

शिडी विहिरीत पडलीय, आणि ती काढायला विहिरीत उतरायचं तर शिडी हवी. त्यावरही त्याच्याकडे उपाय होता : फोन वायरने लॅपटॉपला जोडायचा आणि टेदरिंग चालू करायचं, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला मिळतं. मी वायर शोधेपर्यंत लाईट गेली. लाईटबरोबर राऊटर गेला. आणि आमच्या वाडीत फोनला रेंज एकाच ठिकाणी येते, विहिरीच्या कठड्यावर.

पावसाची सर थांबल्यावर लॅपटॉप घेऊन कठड्यावर बसलो. पुन्हा भुरभुर सुरू झाली, तेव्हा शेजारचे तात्या छत्री धरून उभे राहिले. प्रत्येक आज्ञेआधी 'सुडो' लिहायचं. हा म्हणे मानकऱ्याचा मान, त्याशिवाय मशीन ऐकत नाही. मग पासवर्ड मागितला. मी टाइप केला तर पडद्यावर अक्षर नाही, चांदणी नाही. कीबोर्डात पाणी गेलं म्हणून मी तो उलटा करून झाडला. भाचा फोनवर ओरडला, "दिसत नाही, मामा! दिसायचं नसतंच! लिही आणि एंटर मार!" इतकी गुप्तता आमच्या घरात तिजोरीलाही नाही.

डाऊनलोड सुरू झालं आणि मध्येच अडलं. तात्यांनी छत्री माझ्या हातात दिली, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या झिलाच्या मशीनीत जा काय अडाकला असात, ता मोकळा कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मी म्हटलं. फोनवरून भाचाही म्हणाला. पुण्यात राहिला तरी रक्त कोकणचंच.

डाऊनलोड पुढे सरकलं. त्यानंतर सिक्युअर बूट नावाच्या राखणदाराने निळा पडदा दाखवून आणखी एक पासवर्ड मागितला. तो मी पहिल्या खेपेला चुकवला, त्याबद्दल सविस्तर बोलत नाही.

रात्री लाईट आली. कोपऱ्यात वायफायचा पंखा उमटला आणि मी भाच्याला विजयाचा फोन लावला. तो जरा वेळ गप्प होता.

"मामा, आत्ता वाचलं. इंटरनेट नसेल तर इन्स्टॉलचा पेन ड्राइव्ह लावला तरी चालतं. ड्रायव्हर त्यातच असतो. तिथेच ठेवून आलोय मी."

पेन ड्राइव्ह सापडला. दमट लागू नये म्हणून बायकोने तो तांदळाच्या डब्यात घातला होता.

सकाळी तात्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मगे गाऱ्हाणा फुकट गेला?"

"तसंच म्हणायचं."

"असांदे. नारळ फोडूकच व्हयो."