बटणावरची तिफण

माझ्या कोटाच्या उजव्या बाहीवर डाग पडला आहे. बोंडअळीचा. ही अळी आपल्या पायांनी चालत आली असती तर मी चकार शब्द काढला नसता. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या मुलखात राहतो, अळीलाही कुठेतरी जावं लागतंच. पण ती एका म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं, पुरावा म्हणून, माझ्या बाहीवर ठेवली. आणि वर मलाच म्हणाला, "हालू नका मॅडम, पडन ते."

कोट गडद निळा, लोकरीचा. लोकरीचा हे विकणारीचं म्हणणं. यवतमाळला थंडीत तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात, तिथून घेतलेला. (या लोकांना आपण हिमालयातून थेट उतरल्यासारखं निरखून पाहतो. त्यांची एक वसाहत १९७२ पासून आपल्याच गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावजवळ आहे. माझ्याशी घासाघीस करणारी बाई माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलत होती आणि एक रुपया सोडत नव्हती.) पुढे कधीतरी सुटलेला एक धागा काडी ओढून जाळून पाहिला. खरी लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. माझ्या धाग्याच्या टोकाला टणक काळी गोळी झाली. म्हणजे निम्मं तरी प्लास्टिकच. असो. मेंढीचा शाप तेवढाच कमी.

विदर्भात कोट घेणं हा मुळात धाडसाचा प्रकार. बाहेरच्यांना आमचा फक्त मे महिना माहीत असतो, चंद्रपूरचा पारा ४६-४७ वर गेला की मुंबईचे नातेवाईक हौसेनं फोन करतात. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूर साडेतीन अंशांवर उतरलं होतं तेव्हा कोणी फोन केला नाही. तरीपण खरी थंडी दोन-तीन आठवड्यांची. उरलेलं वर्ष कोट पेटीत, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीनं. त्यामुळे तो झिजत नाही, नुसता जुना होतो. शिवाय आमच्याकडे कोट म्हटला की डोळ्यांपुढे एकच येतो, चौकाचौकातल्या पुतळ्यावरचा निळा. त्याच्यासमोरून आपण कोट घालून जायचं म्हणजे आधीच थोडं अंग चोरलं जातं.

पण मागच्या संक्रांतीला नणंदेच्या घरी हळदीकुंकवात, चार बायकांसमोर, नणंदबाई म्हणाल्या होत्या, "अगंबाई वैनी, हा कोट अजून हाये?" त्या 'अजून'वर मी वर्षभर जगले.

यंदा कोट कामाला घेतला. आधी दाढीच्या नव्या ब्लेडनं वरचे रोवे काढले. हे काम अलगद हातानं, एकाच दिशेनं करायचं, नाहीतर रोव्याऐवजी भोक पडतं. कॉलर मान टाकून बसली होती, तिच्यावर ओला पंचा ठेवून इस्त्रीची वाफ दिली. मग बटणं. जुनी प्लास्टिकची होती, त्यातलं एक शाळेच्या गणवेशाचं. कोटाला पुढं बत्तीस लाईनचं बटण लागतं आणि बाहीला चोवीसचं. चाळीस लाईनचा एक इंच होतो, हे मला दुकानदारानं असं सांगितलं की जणू मी वर्गाबाहेर उभी होते. त्याच्याकडे पितळी रंगात दोनच जाती होत्या: सिंहाच्या तोंडाची आणि जहाजाच्या नांगराची. सिंह छातीवर लावून नणंदेच्या दारात जाणं म्हणजे उघड युद्ध. नांगर घेतले. इथून कुठल्याही दिशेला गेलं तरी ५०० किलोमीटरच्या आत समुद्र नाही, पण बटणाला काय त्याचं.

ही बटणं मागे कडी असलेली. नुसती आवळून शिवली तर कापड ओढतात, म्हणून दोऱ्याची जराशी मान ठेवायची आणि आत अस्तराच्या बाजूनं एक छोटं चपटं बटण घालून टाके दोन्हींतून काढायचे. मग काठ. आजेसासूबाईंची एक करवतकाठी साडी होती, भंडाऱ्याकडच्या मोहाडी-आंधळगावच्या मागावरची. टसरचं अंग पार विरलं होतं, पण लाल काठाचे दाते शाबूत. तेवढा काठ कापला, आधी भिजवून रंग जातो का पाहिलं, आणि दोन्ही बाह्यांच्या तोंडाशी तुरपाईनं बसवला. गावच्या टेलरनं पाहिलं आणि म्हणाला, "जरीचा गोटबी मारून देऊ का कालरले?" नको म्हटलं. कुठं थांबायचं ते मला कळतं. आरशात पाहिलं तर कोट झकास दिसत होता, आणि हे मी आजही मागे घेणार नाही.

घालून फाट्यावर एसटीची वाट पाहत उभी राहिले. तिथे बाबाजी होते.

पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट झाली. चांगली गोष्ट आहे, माझी तक्रार नाही. पण तेव्हापासून आमच्याकडची वडीलधारी मंडळी कामाशिवायही तालुक्याला जातात आणि वाटेत काम शोधतात. बाबाजींना त्या सकाळी मी सापडले. कानाला मफलर, हातात पिशवी. बराच वेळ माझ्या छातीवरच्या बटणांकडे पाहत राहिले. मी पदर सारखा केला, तरी पाहतच राहिले. मग जवळ आले.

"कृषीच्या ना?"

"नाही."

"नवीन आल्या?"

"नाही हो बाबाजी, मी कृषीची नाही."

"हाव," त्यांनी समजूतदार मान हलवली. "पयले सगळे नाईच म्हनते. मांगचा सायबबी म्हने, मी तो नव्हे. दोन साल आमाले त्याचा पत्ता नाई लागला. बदली झाली, सत्कार केला, तवा समजलं का तोच होता."

"मी हळदीकुंकवाला चालले आहे."

"जा ना बाप्पा. सरकारी मानसाले हयदीकुकू नसते का?" मग एक बोट पुढे आलं आणि बटणापासून वीतभर अंतरावर, मर्यादेनं थांबलं. "हे काय होय मंग?"

"बटण."

"बटन त मलेबी दिसते. बटनावर तिफन काऊन हाये?"

मी खाली मान घालून पाहिलं. एकदा सांगितल्यावर ती खरंच पेरणीची तिफणच दिसायला लागली. वर दांडी, खाली फण. आता ती मला दुसरं काही दिसतच नाही, हाही एक राग आहेच.

"तिफण नाही ती. नांगर आहे, जहाजाचा."

यातले त्यांनी सोयीचे तेवढे शब्द घेतले आणि फाट्यावरच्या मंडळींकडे वळले. "नांगर हाये म्हनते. मी आपला अडानी, तिफन म्हनलो." मग मोबाइलमध्ये डोकं घातलेल्या एका पोट्ट्याला विचारलं, "नांगर कोन्या खात्याचा असते रे?"

"कृषी," तो मान वर न करता म्हणाला.

"जहाजाचा, बाबाजी, जहाजाचा! जहाज थांबवायला पाण्यात टाकतात तो!"

ते विचारात पडले. "पान्यात नांगर टाकते?"

"हो."

"मंग सरकारच असन."

बाहीवरचा काठ मी पाठीमागे लपवायला गेले, तो त्यांनी पाहिलाच. "आन् हे लाल फीत?"

"साडीचा काठ आहे. माझ्या आजेसासूबाईंचा."

"खानदानीच नोकरी हाये त," ते कौतुकानं म्हणाले. तोवर एक बाई पुढे सरकून फवाऱ्याच्या पंपाचं विचारू लागली होती. तिच्या नावाची चिठ्ठी लागली होती म्हणे, पंप मात्र शेजाऱ्याकडे होता.

मग बाबाजींनी पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून पऱ्हाटीचं एक किडकं बोंड काढलं, अंगठ्यानं फोडलं. आत कापूस पिवळा पडून चिकटलेला, दोन सरक्या एकमेकींना धरून बसलेल्या, आणि मधे ती. गुलाबी, जाडजूड, आमच्यापैकी सगळ्यांत सुखी. २०१७ साली तिनं विदर्भाचा हंगाम खाल्ला तेव्हापासून तिला लेकरंही ओळखतात. बाबाजींनी तिला चिमटीत धरलं आणि माझ्या बाहीवर ठेवलं. "काया कपड्यावर बरी दिसते."

इथे माझा तोल सुटला. शेतकऱ्याचीच पोर मी, तोंडून निघून गेलं, "जानेवारी उजाडली, पऱ्हाटीची फरदड अजून शेतात कशाला ठेवली मग? डिसेंबरातच पऱ्हाटी उपटून टाकायची असते, अळीला घर मिळतं ना त्यानं!"

फाट्यावर शांतता झाली. पोट्ट्यानंही मान वर केली.

"म्हनलो नव्हतो?" बाबाजी सगळ्यांकडे पाहत म्हणाले. "थेट कृषीच बोलली!"

यापुढे माझं कोणी ऐकलं नाही. उलट मला ऐकावं लागलं. डिसेंबरात पऱ्हाटी काढायची तर हरभरा पेरायला पाणी पाहिजे, पाण्याला वीज पाहिजे, वीज येते रात्री, आणि रात्री धुऱ्यावर रानडुकरं. "मंग हे दोन बोंडं जास्तीचे येते त काऊन उपटाचे? तुमी सांगा." रुपयातला पीकविमा होता तोही बंद झाला. या सगळ्याचं उत्तर मी द्यायचं होतं, कारण माझ्या कोटाला बटणं होती.

खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतंच, आणि ते खात्यातल्या कोणाकडे आहे अशी माझी खात्रीही नाही. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल, म्हणजे किलोला ८१ रुपये. तोही ओलावा, प्रत आणि नशीब जुळलं तर. माझ्या बटणांच्या सेटच्या किमतीत दोन किलोच्या वर कापूस आला असता. वेचाईची मजुरी काढून हिशेब केला तर मी बाबाजींच्या बायकोची एक अख्खी सकाळ छातीवर टाचून फिरत होते. पण हा हिशेब मी का करायचा? वर्षातून एकदा हौसेनं काही अंगावर घालावं तर त्यावरही कापसाचा भाव येऊन बसतो. आमच्याकडे बाई कामाची दिसायला लागली की ती सरकारी, नाहीतर सेल्सवाली. छान दिसते म्हणून कोणी दोन शब्द बोलेल असं तिसरं खातंच नाही.

तेवढ्यात एसटी आली. आमच्या फाट्यावर ती थांबत नाही, सावकाश होते. गर्दी उसळली आणि बाबाजींनी अळी पडू नये म्हणून तिच्यावर तळवा दाबला. चांगला दाबला.

हात उचलला, पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "पुरावा गेला ना मॅडम!"

माझ्या बाहीबद्दल अवाक्षर नाही. उलट खिशातून सातबाऱ्याची झेरॉक्स काढून माझ्या कोटाच्या खिशात सरकवली. "आता यावरच भागवा." गाडीत कंडक्टरनं मला पुढची सीट रिकामी करून दिली, तीही मी वैतागूनच घेतली.

नणंदेकडे शिरल्याशिरल्या नणंदबाई म्हणाल्या, "वैनी, कोट काढून ठेवा ना, साडी दिसत नाही." कोट आतल्या खोलीत दिवाणावर गेला. त्यावर शाली पडल्या, शालींवर पर्सा पडल्या. वाण म्हणून साबणदाणी मिळाली.

पुढल्या आठवड्यात तालुक्याला दुसरं काम होतं, तेव्हा म्हटलं कागद देऊन मोकळं व्हावं. कृषीच्या ऑफिसात पाय टाकला तर शिपाई खुर्ची सरकवून उभा. "नवीन मॅडम का?" मी नाही म्हटलं, तर तो हसला. आतल्या टेबलावरच्या बाबूंनी सातबारा उलटसुलट पाहिला.

"अर्जदार कुठे आहेत?"

"गावी. पंचाहत्तरी ओलांडलेली आहे."

"त्यांना स्वतः यावं लागेल. तुम्ही त्यांच्या कोण?"

"कोणी नाही."

"मग तुम्ही कशा आल्या?"

याचं उत्तर बटणावर होतं, पण ते कसं देणार. त्यांनी कागद बोटानं माझ्याकडे परत ढकलला. मग चष्मा वर केला, कोट नीट निरखला, आणि त्यांचा चेहरा एकदम माणसांत आला.

"हा जहाजाचा नांगर ना मॅडम? मस्त आहेत हो बटणं. आमच्या पोरीच्या कोटाला अशीच पाहिजे होती. कुठे भेटली?"

"संपली," मी कागद खिशात घालत म्हटलं. "सिंहाची उरली असतील."