मंदीत धंदा आणि वसुली : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मंदीच्या काळात नवा उद्योग सुरू करण्यास हरकत नाही, या माझ्या म्हणण्यावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. मी केवळ तरलेल्यांची उदाहरणे दिली, हा पहिला. आणि सोलापुरात यंत्रमाग भंगाराच्या भावाने विकले जात असताना आपल्या भाच्यासारख्या तरुणांना कर्ज काढून धंद्यात उतरवणे बेजबाबदारपणाचे आहे, हा दुसरा. पहिला आक्षेप रास्त आहे; बुडालेल्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही, त्यामुळे आणखी चार यशोगाथा पुढे करण्यात अर्थ नाही. दुसऱ्याबाबत मात्र, माग भंगारात जाण्याचे सारे खापर आपण मंदीवर फोडले आहे, ते मला पटत नाही.

टॉवेलचाच धंदा घ्या. सुताचे पैसे लवकर मोजावे लागतात, मजुरी आणि विजेचे बिल थांबत नाही, आणि विकलेल्या मालाचे पैसे मात्र व्यापाऱ्याच्या सवडीने येतात. मंदीत ही उधारी आणखी लांबते आणि ऑर्डर हाती असतानाही खेळते भांडवल संपून माग बंद पडतात. सूक्ष्म व लघु उत्पादकांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत चुकते करावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला आयकरासाठी खर्चात धरता येणार नाही, अशी तरतूदही २०२३ च्या वित्त कायद्याने केली. तरीही पुढची ऑर्डर ज्याच्या हातात, त्या व्यापाऱ्याविरुद्ध तक्रार करायला कोण धजावतो, हे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत कोणालाही विचारून पाहावे.

म्हणून मंदीत उतरणाऱ्याने मागणीइतकीच वसुलीही तपासावी, असे माझे मत आहे. जुनी शिलाई यंत्रे आणि रिकामे गाळे या काळात स्वस्तात मिळतात हे खरे. पण शाळेचे गणवेश शिवायला घेतले, तर जूनच्या हंगामासाठी कापडात पैसा कित्येक महिने आधी गुंततो. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी करून घरोघरी रोखीने विकणाऱ्या बाईंचा नफा किलोमागे थोडा असतो, पण तेच भांडवल महिन्यातून अनेकदा फिरते. (हीच चटणी पुण्या-मुंबईच्या दुकानांना उधारीवर जाऊ लागली, की तिचीही टॉवेलसारखी गत होते.)

नव्या उद्योगाच्या बँककर्जाला जोडून मिळणाऱ्या, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या सरकारी अनुदानाचा आपण उल्लेख केला आहे. सर्वसाधारण गटाला शहरात प्रकल्पखर्चाच्या १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के असणारे हे अनुदान तीन वर्षे बँकेतच ठेव म्हणून अडकलेले असते, त्यामुळे ते सुतासाठी वापरता येईल असे कोणी धरून चालू नये.

आपला भाचा कर्जाने माग घेऊन स्वतःच्या सुतावर टॉवेल काढणार असेल, तर त्याला माझाही सल्ला नकाराचाच राहील. व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर विणणार असेल, तर हिशेब वेगळा होतो; मजुरी किती आणि किती दिवसांनी मिळणार हे ठरले असल्यास जरूर कळवावे.